दोन टक्क्यांचे दान आणि पंचेचाळीस दिवसांची उधारी

संपादक महोदय,

संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहर येतात. कंपन्यांच्या दातृत्वाला मात्र एकच, मार्चचा. जिल्हा परिषदेच्या शाळेला वॉटर कूलर, तीनचाकी सायकलींचे वाटप, दोघांनी धरावा लागतो एवढा मोठा धनादेश. नफ्यासाठी चालणारी कंपनी नीतीने वागू शकते का, ही चर्चा आपल्याकडे या छायाचित्रांपाशीच फिरत राहते. छायाचित्रातून त्याचे उत्तर मिळत नाही.

हा खर्च मुळात ऐच्छिक नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 सांगते की आदल्या वर्षी नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी काहीही एक गाठले की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. चालू प्रकल्पासाठी राखलेली नसेल आणि उरली असेल, तर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरायची. न भरल्यास दुप्पट किंवा 1 कोटी, यांत जे कमी तेवढा दंड. भरला म्हणून ज्याचे कौतुक होते असा हा बहुधा एकमेव कर असावा.

नीती पाहायची तर कंपनीच्या खरेदी विभागात डोकवावे लागते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतली एखादी लेथ-मिलिंगची शेड घ्या. तिने जूनमध्ये एका मोठ्या कंपनीला 10 लाखांचे सुटे भाग दिले. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाख 80 हजार. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट जाता उरलेला कर 20 जुलैपर्यंत भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. तिकडे कंपनी याच 1 लाख 80 हजारांची वजावट घेऊन मोकळी होते. 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तरच तिला ती उलटवावी लागते.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात याचे उत्तर आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे व्याज कंपनीला करात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. इतका कडक कायदा असून पैसे अडतात, कारण खेळ दिवस कधीपासून मोजायचे इथे होतो. लेखी हरकत 15 दिवसांत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात गेटवर चलनावर शिक्का बसतो, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघत नाही. माल ‘क्यूसी पेंडिंग’, म्हणजे तपासणीत अडकलेला, राहतो. मग पुरवठादाराला सांगितले जाते, बिल नव्या तारखेचे द्या. किंवा दोन महिन्यांनी चार नग नापास ठरवून डेबिट नोट, म्हणजे रक्कम कापल्याची चिठ्ठी, येते आणि अख्खे बिल अडते. (तोवर उरलेले नग यंत्रात बसून यंत्र विकलेही गेलेले असते.) व्याज कोणी मागत नाही, कारण पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, त्याच टेबलावरून निघायची असते. थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार जाते ती बहुधा संबंध तुटल्यावरच.

एक हिशेब मांडून पाहा. सरासरी नफा 40 कोटी असलेल्या कंपनीचे दोन टक्के म्हणजे 80 लाख. ती लघुउद्योगांकडून वर्षाला 60 कोटींचा माल घेते आणि 45 ऐवजी 120 दिवसांनी पैसे देते असे धरा. 75 दिवस जास्त, म्हणजे कायम सव्वाबारा कोटींच्या आसपास दुसऱ्याचे पैसे हाती. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाच्या 12 टक्के व्याजाने त्याचे वर्षाला जवळपास दीड कोटी होतात, आणि ते पुरवठादार बँकेत भरतो. 80 लाखांचे छायाचित्र छापून येते, दीड कोटींचे नाही.

आकारणी वर्ष 2024-25 पासून आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आले. सूक्ष्म व लघु उद्योगांची मुदत उलटलेली देणी मार्चअखेर बाकी असतील तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. परिणाम अर्धाच झाला. मार्चमध्ये पैसे सुटतात, एप्रिलपासून पुन्हा तेच. लघुउद्योग म्हणून केलेली ‘उद्यम’ नोंदणी रद्द करा, असे निरोपही पुरवठादारांना गेले, अर्थात तोंडी. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली. तिथे कंपनीने बिल मान्य केले की बँक पुरवठादाराला आधी पैसे देते. पण मान्यतेचे बटण कंपनीच्याच हाती, आणि नोंदणी करून ते न दाबणे सोपे आहे.

म्हणजे नफा आणि नीती जुळतच नाहीत का? जुळतात, आणि नागपूरला हे बाहेरून शिकायचीही गरज नाही. 1 जानेवारी 1877 रोजी इथे सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीने 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 मध्ये अपघात भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा देशात आला 1923 साली. हा खर्च मिलच्या रोजच्या हिशेबात होता, नफा उरल्यावर काढलेला वाटा नव्हता, आणि मिल नफ्यातच चालत होती.

आज अडचण माणसांच्या वाईटपणाची कमी, उद्दिष्टांची जास्त आहे. खरेदीप्रमुखाची वार्षिक पाठ थोपटली जाते ती उधारीचे दिवस वाढवल्याबद्दल. ते उद्दिष्ट काढावे. मुदत गेट एंट्रीपासून संगणकानेच मोजावी, नापास नगांपुरतीच रक्कम अडवावी, 45 व्या दिवशी बाकी पैसे आपोआप सुटावेत. यासाठी कोणा संताची गरज नाही, लेखा विभागातल्या एका सेटिंगची आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की धनादेशाचे छायाचित्र छापताना त्याखाली कंपनीच्या देण्यांचे सरासरी दिवसही छापावेत. पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना तो आकडा बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालात द्यावा लागतो. इतर कंपन्यांच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज वेगळे दाखवलेले असते. व्याजाच्या रकान्यात ‘निरंक’ दिसले, तर थकबाकीचा रकाना आधी वाचावा.

– एक सनदी लेखापाल, धंतोली, नागपूर