औषधाच्या बाटलीवर मराठीही छापा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळूरु

स.न.वि.वि.

साहेब, आमच्या खानापूर भागात वांग्यावर, मिरचीवर अळी दिसली की दुकानदार लॅम्डा-सायहॅलोथ्रिन या कीटकनाशकाची बाटली पुढे करतो. मी स्वतः वर्षानुवर्षे ते वापरतो. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते हाताळायचं कसं, हे आमच्या माणसांपर्यंत पोहोचत नाही, यासाठी हे पत्र.

हे पायरेथ्रॉइड गटातलं, म्हणजे फुलांतल्या कीटकनाशकाच्या धर्तीवर बनवलेलं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं संयुग). शेवंतीच्या कुळातल्या फुलांत मूळ कीटकनाशक सापडतं, पण ते उन्हात लवकर निकामी होतं. कारखान्यात बनवलेलं हे टिकतं. किडीच्या मज्जातंतूंचं काम ते बिघडवतं, कीड तडफडून पडते. माणसाचं शरीर हे एस्टर बऱ्यापैकी लवकर तोडतं, म्हणून दुकानात ‘सौम्य आहे’ असं सांगतात. या एका शब्दावर विसंबून लोक हातमोजे घालत नाहीत.

पंप भरताना बघा. बाटलीच्या झाकणानेच माप, काठीने ढवळणं, थोडं बोटांवर सांडलं की लुगड्याला पुसायचं. त्याच हाताने कपाळावरचा घाम. संध्याकाळी गाल आणि पापण्या चुरचुरतात, मुंग्या येतात. हा या औषधाचाच गुण आहे, पण बायका ‘ऊन लागलं’ म्हणून गप्प बसतात. रिकामी बाटली ओढ्यात खळबळली जाते. लिटरभर पाण्यात एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी औषध काही जातींचे मासे मारायला पुरतं, आणि आमचे ओढे पुढे मलप्रभेला मिळतात.

त्याहून घातक म्हणजे मिश्रण. अळी मरत नाही म्हणून त्यातच फॉस्फरसवालं दुसरं औषध ओततात. शरीर ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) हे एस्टर तोडतं, त्यांनाच ते दुसरं औषध अडवतं. विषबाधा झालीच, तर फॉस्फरसवाल्या औषधाला ॲट्रोपिनचा उतारा आहे, पायरेथ्रॉइडला तसा नेमका उतारा नाही. लक्षणं पाहूनच उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णासोबत बाटली न्यायलाच हवी. आणि उलटी करवायची नाही, कारण त्यातलं द्रावक फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. आमच्याकडे मात्र पहिला उपाय मिठाचं पाणी!

यातलं बरंचसं बाटलीसोबतच्या घडीपत्रकात असतं. माझ्या हाती आलेल्या पत्रकांवर हिंदी, इंग्रजी, कन्नड होतं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने ती मुंगीएवढी अक्षरं कशी वाचायची? कीटकनाशक नियम 1971 सांगतात की लेबल आणि पत्रक हिंदी, इंग्रजी आणि जिथे माल विकला जाईल तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत हवं. म्हणजे कन्नडसोबत मराठी छापायला नवा कायदा लागत नाही. हा सीमावादाचा विषय करू नये, ही कळकळीची विनंती. कन्नड राहू द्या, शेजारी मराठी येऊ द्या.

बेळगाव, खानापूर, निपाणीत माल पाठवणाऱ्या कंपन्यांना तसा आदेश द्यावा. तोवर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांतून मोठ्या अक्षरांतलं मराठी पत्रक वाटावं, आणि दुकानदाराने बाटली देताना ते हातात ठेवल्याशिवाय बिल करू नये. खरिपाच्या फवारण्या सुरू होण्याआधी हे व्हावं.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक भाजीपाला उत्पादक