पप्पा, पैसे पाठवत नाहीये

दोहा, कतार
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय पप्पा आणि आई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर अवघड काही निघालं की पप्पा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई "जेवलीस का?" विचारते आणि विषय तिथंच राहतो. म्हणून कागद घेतला. माझ्यासारखीच नर्स असलेली श्रीरामपूरची एक सिस्टर पुढच्या आठवड्यात सुट्टीवर निघते आहे, तिच्या हस्ते पाठवते. सोबत खजुराची दोन पाकिटं आहेत. एक पाळकसाहेबांना द्या. आजीला खजूर भिजवून द्या, नाहीतर कवळी निघून येईल.

आज सुट्टी होती म्हणून उपासनेला गेले. इथं आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, त्यामुळे आमचा 'रविवार' शुक्रवारी येतो. आईला अजून ते पटत नाही, मला माहीत आहे. शहराबाहेर मेसायमीरला एकाच आवारात सगळ्या मंडळ्या आहेत. जागा इथल्या अमिरांनी दिली, आणि २००८ मध्ये तिथं पहिलं कॅथोलिक चर्च उघडलं. बाहेरून बघाल तर एखादं सरकारी कार्यालय वाटेल. वर क्रूस नाही, घंटा नाही. फाटकावर तपासणी होते आणि आत शिरलं की जत्रा! एका दारातून मल्याळी गाणं, दुसऱ्यातून फिलिपिनो, तिसऱ्यातून अरबी. मी हिंदी उपासनेत बसते आणि मांडीवर आपलं मराठी बायबल उघडून ठेवते. उपदेश हिंदीत ऐकायचा, वचन मराठीत वाचायचं. दोन्ही जुळेपर्यंत अर्धा उपदेश निघून जातो.

आज पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय होता. पप्पा, तोच, जो तुम्ही मला शब्बाथशाळेच्या परीक्षेला पाठ करायला लावला होता. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया. ही नावं मी अडखळायची आणि तुम्ही पट्टी टेबलावर आपटायचा. ते सगळे प्रांत आजच्या तुर्कस्तानात येतात, हे मला आज कळलं. तिथं पांगलेल्या, उपरी म्हणून राहणाऱ्या माणसांना पेत्रानं हे पत्र सिल्वानाच्या हस्ते धाडलं. लहानपणी मला वाटायचं की 'उपरी' म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे. आता बाराव्या मजल्यावर राहते, आणि खिशात निवासाचं कार्ड नसेल तर खाली उतरायचीही भीती वाटते. शब्द बरोबर कळला.

तर मुद्द्यावर येते. गेल्या सोमवारी तुमचा फोन आला. शमूसाठी एका संस्थेत शिक्षकाची जागा आहे, पंधरा लाख मागतात, आठ मी पाठवायचे आणि बाकीचे विहिरीकडचा तुकडा विकून. मी लगेच "हो" म्हटलं. मंगळवारी बँकेत जाऊन कर्जाचा फॉर्मही भरला. पप्पा, मी "हो" म्हटलं ते तुमचा आवाज ऐकून. तुम्ही 'डोनेशन' हा शब्द इतक्या हळू उच्चारलात, जसा दवाखान्यात लोक मोठ्या आजाराचं नाव घेतात.

मी ते पैसे पाठवत नाहीये. फॉर्म परत घेतला.

लगेच आईकडे कागद देऊ नका. पुढचं वाचा.

घरात आपण 'पवित्र' या शब्दावर किती हसलो आहोत! शमू रोज सकाळी मोबाईल घेऊन ओट्यावर बसतो आणि आजी विचारते, "उघडलं का रे तुझं पवित्र?" शासनानं शिक्षकभरतीच्या पोर्टलचं नाव पवित्र ठेवलं आणि आपल्या घरात त्या शब्दाचा अर्थ 'अजून काही नाही' असा झाला. २०२३ च्या टेटला, त्या भरतीच्या परीक्षेला, थोडक्यात गेला, यंदा पुन्हा दिली, आणि पुन्हा तेच वाट बघणं. त्याचं वय तीसकडे चाललंय, सकाळच्या शिकवण्या करून महिन्याला किती सुटतात ते मला ठाऊक आहे. त्याची घुसमट मला कळत नाही असं समजू नका.

पण आज पाळकांनी तो शब्द वाचला, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, तेव्हा मला मोबाईल घेऊन बसलेला शमू दिसला, आणि मी उपासनेत हसले. मग हसू राहिलं नाही.

आपल्याकडे पवित्र म्हटलं की कान सोवळं ऐकतो. शिवू नका, लांब व्हा, विटाळ होईल. आपल्या पणजोबांना गावच्या आडावर पाणी भरू देत नव्हते. आपली अख्खी वस्तीच ओवळी होती. मग मिशनचे लोक आले, मिशनच्या आवारात विहीर झाली, पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. तुम्हीच हे कितीदा सांगितलंय. मला कायम वाटायचं की अशा घरातल्या माणसांना पुन्हा 'पवित्र व्हा' कशाला सांगायचं? त्या शब्दानं आपलं काय भलं केलं?

पेत्रानं ते वाक्य लेवीयमधून घेतलंय. दुपारी खोलीवर येऊन लेवीयचा एकोणिसावा अध्याय काढला. 'पवित्र व्हा' असं म्हटल्यावर देव पुढं काय सांगतो बघा. सगळं सोवळ्याचं नाही, तेही आहे थोडं, पण बाकी काय काय आहे! शेताच्या कडा पार कोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा उचलू नका, तो गरिबाचा आणि उपऱ्याचा आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण टाकू नका. तागडी खरी ठेवा, वजनं खरी ठेवा. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. आजीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ज्वारीत सरवा वेचला. तिला हे वाचून दाखवा, तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

वॉर्डात मी हे रोज बघते, पण त्याला हे नाव दिलं नव्हतं. सध्या माझ्याकडे एक आजोबा आहेत, अर्धांगवायूचे. दुसरीकडून आले तेव्हा कमरेखाली मोठी जखम होती, पलंगावर पडून पडून होते तशी. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, जखम धुवायची, पट्टी बदलायची, खालचं सगळं काढायचं. पहिल्या दिवशी वासानं डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी दारात उभी राहून रडत होती, बापाला असं बघवत नव्हतं तिला. आता जखमेचा तळ लाल झालाय, म्हणजे नवं मांस धरतंय. परवा त्यांनी माझा हात धरून अरबीत काहीतरी म्हटलं. माझ्या बरोबरीच्या सिस्टरनं अर्थ सांगितला, तो लिहीत नाही, उगाच बढाई वाटेल. एवढंच सांगते, सोवळं पाळणाऱ्याच्या हातून ती जखम भरली नसती.

आता माझीच एक गोष्ट. फोनवर सांगितली नाही, आई काळजी करते म्हणून. जुलैमध्ये माझ्या हातून चूक झाली. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत एका पेशंटची रक्तदाबाची गोळी बंद केली होती. मी ते बघितलं नाही आणि दिली. दहा मिनिटांनी लक्षात आलं. कुणालाही कळलं नसतं. गोळी पोटात गेली होती. मी औषधांच्या खोलीत उभी राहिले आणि खरं सांगते, प्रार्थना वगैरे काही सुचली नाही. सुचलं ते तुमचं, हजेरीपटावर खाडाखोड केली की शेजारी सही करायला लावायचं. गेले, इनचार्जला सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी पेशंटचं बीपी घेत बसले. त्याला काही झालं नाही. मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि दोन आठवडे दुसऱ्या सिस्टरच्या देखरेखीशिवाय औषध द्यायची मनाई झाली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान मुलगी माझ्यामागे उभी राहून गोळ्या मोजायची. लाज वाटली, फार वाटली.

म्हणून पप्पा, हे पत्र मी फार पवित्र झाले म्हणून लिहीत नाही. ती चूक लपवली असती तर कदाचित हे आठ लाखही पाठवले असते. एकदा सही केली की पुढची खाडाखोड जड जाते, एवढंच.

आणि दुसरीही बाजू सांगते, नाहीतर मी मोठी संत ठरेन. कर्जाचा हप्ता किती येईल ते बघून मी घाबरलेही होते. दोन्ही खरं आहे.

ती जागा पैशानं मिळणार असेल, तर शमूपेक्षा जास्त मार्क असलेला कुणीतरी पाथर्डीत नाहीतर जामखेडमध्ये असाच मोबाईल घेऊन ओट्यावर बसलेला असणार. त्यालाही एखादी आजी विचारत असेल. आंधळ्याच्या वाटेतलं अडखळण म्हणतात ते हेच ना? त्याला कळणारही नाही कशावर आपटला ते. तुम्ही म्हणालात, "जग असंच चालतं, आपण नाही दिले तर दुसरा देईल." देईल. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा एक पैसा दिला नव्हता, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की शमू तुमची नक्कल करतो. ती नक्कल तो पुन्हा कधी करू शकला नसता.

मग आशा कशावर ठेवायची, हे तुम्ही विचाराल. आपल्या भाषेत आशा हा शब्द जरा बदनामच आहे. आशा वेडी असते, आशेला लावतात, आशेवर झुलवतात. ती जागा मिळवून देणाऱ्या एजंटानंही शमूला आशेलाच लावलंय. पेत्र म्हणतो जिवंत आशा. फरक काय, हे मला नीट सांगता येत नाही, पण आजीचं बायबल आठवतं. ते केडगावचं. आजीची आजी दुष्काळात मध्य प्रांतातून आलेली अनाथ पोर, पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये वाढवलेली. साध्या बायकांना कळावं अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं एकट्या खपल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि बायबल छापून आलं १९२४ मध्ये. हातात घेऊन बघितलंही नाही त्यांनी. आणि तेच बायबल आपल्या घरात फडक्यात गुंडाळलेलं आहे, आजी चष्मा न लावता त्यातली स्तोत्रं म्हणते. मला आशा म्हटलं की ते फडकं दिसतं.

त्याच अध्यायात 'मनाची कंबर बांधा' असं आहे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, मनाला कंबर कुठं असते? ती म्हणाली होती, "पदर खोचायचा आणि कामाला लागायचं, आणखी काय." तर पदर खोचून काही कामाचं लिहिते.

विहिरीकडचा तुकडा विकू नका. कुणाला विसार घेतला असेल तर परत करा, तेवढे पैसे मी या महिन्यात पाठवते. शमूच्या शिकवणीसाठी ओट्याला लागून पत्र्याची खोली काढा. फळा, बाकं, पंखे, सगळं मी बघते. पावसात पोरं भिजतात म्हणून तो दोन महिने वर्ग बंद ठेवतो, ते तरी थांबेल. पोर्टल उघडेल तेव्हा उघडेल, फॉर्म भरायचाच आहे. आणि तिसऱ्यांदा टेट द्यायची वेळ आली तर पुण्यात राहून अभ्यास करायचा खर्च माझा. हे मी कर्ज न काढता करू शकते, हिशेब मागच्या पानावर लिहिलाय, तुम्ही तपासा. तुमच्याइतकी बेरीज मला येत नाही.

शमू रागावेल. "तू तिथं रियाल कमावतेस, तुला काय जातंय पवित्र राहायला," असं तो म्हणणार, आणि त्यात थोडं तथ्य आहे. त्याला म्हणावं, मला शिव्या द्यायच्या तर व्हॉट्सअ‍ॅपवर दे, पण रात्री अकरानंतर, माझी ड्युटी तेव्हा सुटते. इथले अकरा म्हणजे तुमचे दीड. जागा राहील तो, मला माहीत आहे.

आई, नाताळला येता येणार नाही, सुट्ट्या केरळच्या बायकांनी आधीच घेऊन टाकल्या. करंज्यांत ओलं खोबरं घालू नकोस, चार दिवसांत खवट होतात, आणि मार्चमध्ये येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायच्या असतील तर मुळीच नको. पाळकसाहेबांना सांगा, मंडळीच्या हंगामाच्या सणाचं माझं दानार्पण पुढच्या पगारात येईल.

पप्पा, तुम्ही आम्हाला चौथीत अर्ज लिहायला शिकवलं होतं, शेवटी उजव्या बाजूला काय लिहायचं ते. तीस जणांच्या वर्गात माझाच अर्ज बिनचूक होता. आज पहिल्यांदा तो शब्द लिहिताना हात थांबला, पण लिहिते.

आपली आज्ञाधारक,
सुवार्ता

ता. क. : पत्र आजीला वाचून दाखवाल तेव्हा गोळीचा भाग गाळा.