नारिंगी स्टिकर दाखवणाऱ्या ताईंचे आभार

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे दर आठवड्याला गप्पांना जाणाऱ्या गटाकडून, औषधांच्या दुकानातल्या त्या ताईंना.

पुण्यातल्या एक आजी दोन आठवडे प्रत्येक प्रश्नावर नुसत्या हसत होत्या. विसरायला लागल्या, असा निष्कर्षही काढून झाला होता. घोटाळा होता कानामागच्या श्रवणयंत्रात. त्याला १३ नंबरचा सेल लागतो, नारिंगी स्टिकरचा. आणला गेला ३१२, तपकिरी स्टिकरचा. दोन्हींचा व्यास सारखाच, ७.९ मिलिमीटर, पण ३१२ पातळ. बसल्यासारखा वाटतो आणि मान हलली की संपर्क तुटतो.

ताई दुकान शेजाऱ्यावर सोपवून जिना चढून आल्या. नव्या सेलचा स्टिकर काढून तो मिनिटभर उघडा ठेवला. हे सेल हवेवर चालू होतात, म्हणून सगळे स्टिकर एकदम काढले तर पाकिटातले सेल न वापरताच उतरतात. (तेही आधी करून झालं होतं!) यंत्राचा जो साचा कानात बसतो, त्याचा मळ कोरड्या ब्रशने काढला. मग टीव्ही बंद करून आजींच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसल्या, खिडकीचा उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर येईल अशा. आवाज न चढवता सावकाश विचारलं, "आजी, चहात आलं घालता का हो?"

आजी पाऊण तास बोलल्या. ताईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, पैसे घेतले ते फक्त सेलचे.

ताई, आजींनी आलेपाक करून ठेवलाय. घेऊन जा.