कासवाच्या हिवाळ्याची बेगमी

रेडिंग, इंग्लंड,
६ जून

प्रिय वैजू,

शेजारच्या आजींचं कासव तू ठेवून घेतलंस हे वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं एकाच बागेत वावरलेला जीव, आजी वृद्धाश्रमात गेल्यावर त्याचं काय झालं असतं कोण जाणे. हर्मन जातीचं आहे म्हणतेस, म्हणजे नीट सांभाळलंस तर तुझ्या लेकीलाही पुरेल ते. वजन कमी भरतंय म्हणून व्हेटने या वर्षी शीतनिद्रा नको सांगितलं, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. थंडीभर त्याला जागं ठेवायचं तर यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) दिवा, ऊब, सगळं विकत मिळेल. खाणं मात्र, म्हणजे वाळवलेला रानपाला, आत्ता जूनमध्येच जमवायला हवं.

तू म्हणशील, सुपरमार्केटमध्ये बारा महिने पाला मिळतो की. मिळतो, आणि कासव तो आवडीने खातंही. पण १०० ग्रॅम आइसबर्ग लेट्यूसमध्ये कॅल्शियम असतं १८ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०. तेवढ्याच डँडेलियनच्या, म्हणजे इथल्या त्या पिवळ्या फुलांच्या तणाच्या, पानांत कॅल्शियम १८७ आणि फॉस्फरस ६६. कासवाचं कवच म्हणजे हाडच. त्याला फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम लागतं, नाहीतर शरीर ते हाडातून ओढून घेतं. शिवाय ही जात भूमध्य समुद्राकाठच्या रखरखीत माळांवरची. तिच्या मोठ्या आतड्यातले जंतू चोथा आंबवून त्यातून ताकद काढतात. तिथे गोड फळं गेली की सगळं बिघडतं. म्हणून सफरचंदाची फोड, टोमॅटो, केळं यातलं काही नको. आजी लाडाने देत असतील तरी तू देऊ नकोस.

डँडेलियनचं वेड काही आजचं नाही. आमच्या इथून फार लांब नसलेल्या सेलबर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहायचे. त्यांच्या आत्याकडे ससेक्समधल्या रिंगमरला टिमथी नावाचं कासव होतं. त्याला चिकाच्या वनस्पती, म्हणजे लेट्यूस, डँडेलियन, सो-थिसल सगळ्यांत जास्त आवडतात, असं त्यांनी १७७० मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय. आत्या गेल्यावर, १७८० मध्ये, ते टिमथीला घोडागाडीतून सेलबर्नला घेऊन आले. टिमथी मादी होती हे तिच्या मृत्यूनंतर कळलं. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एवढं बारकाईने एका कासवाचं खाणं न्याहाळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तर आता तोडायला लाग. डँडेलियन, सो-थिसल, लांब पानांचं प्लँटेन (आपल्या इसबगोलाचं सख्खं भावंड), मॅलो, पांढऱ्या फुलांची डेड-नेटल, ब्रँबलचा (रानटी ब्लॅकबेरीचा) कोवळा पाला. कुणाच्या अंगणात तुतीचं झाड असेल तर तीही पानं मागून घे, वाळवायला तुतीसारखं सोपं काही नाही. खाजरी नेटलसुद्धा चालते, वाळली की तिची आग जाते. पण तिच्यात प्रथिनं बरीच, तेव्हा थोडीच. रस्त्याकडेचं, कुत्री फिरवतात तिथलं किंवा तणनाशक मारलेलं काही घेऊ नकोस. बाजूचं गवत पिवळं पडून मुरगळलेलं दिसलं तर तिथून सरळ पुढे जा. कायद्याची भीती नको. स्वतःपुरती रानातली पानं खुडायला इथे मुभा आहे. मात्र जागामालकाला विचारल्याशिवाय रोप मुळासकट उपटायचं नाही.

सगळ्यांत जपायचं ते रॅगवर्टला. हे नीट वाच, वैजू. पिवळ्या फुलांचं हे तण कुरणात, पडीक जागेत कुठेही उगवतं आणि त्याचं विष यकृतावर जातं. ताजं असताना कडू लागतं म्हणून जनावरं टाळतात. वाळल्यावर कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. म्हणजे जे कासव बागेत त्याला तोंड लावणार नाही, तेच वाळलेल्या पाल्यातून ते निमूट खाईल. फुलं आल्यावर ओळखायला सोपं, पण पहिल्या वर्षी नुसता जमिनीलगत पानांचा झुबका असतो आणि तिथे फसायला होतं. डँडेलियनचा देठ मोडलास की पांढरा चीक येतो, रॅगवर्टला येत नाही. पण चीक आला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. बागेत उगवणाऱ्या स्पर्जलाही चीक असतो आणि तो विषारी. फॉक्सग्लव्हची विषारी पानं तर दिसायला अगदी निरुपद्रवी. मी एका वेळी एकच जात तोडते आणि प्रत्येक पान हातातून जाऊ देते. मिसळणं नंतर, घरी.

दव उडाल्यावर, कोरड्या सकाळी तोड. धुऊ नकोस, झटकून घे. आता वाळवण म्हटलं की तुला सांगलीची गच्ची आठवेल, कडक ऊन आणि कुरडयांच्या चादरी. इथे तसं नाही करायचं. उन्हात पान पिवळं पडतं आणि त्यातलं कॅरोटीन जातं, ज्यापासून कासवाला अ जीवनसत्त्व मिळतं. सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी जुन्या सुती चादरीवर एकेरी थर पसर. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर त्याच्या फळ्या उत्तम. तुमच्या लीड्सच्या पावसाळी आठवड्यात तर तेच एक ठिकाण. प्लँटेन हळुवार हाताळ, पान दुमडलं की तिथे काळं पडतं. रोज एकदा खालवर कर.

वाळलं की नाही हे पात्याकडे बघून ठरवू नकोस. पातं दोन दिवसांत कुरकुरीत होतं, मधली शीर मागे राहते. डँडेलियनची शीर वाकवली की लवते, तोवर पुरतं वाळलेलं नाही. कट्‌ आवाज करून मोडली पाहिजे. मग काचेच्या बरणीत घालून दोन-तीन दिवस ठेव. आतून वाफ धरली तर पुन्हा चादरीवर. पांढरी बुरशी किंवा कुबट वास आला तर सगळी बरणी फेकून दे, वरवरचं काढून उरलेलं देऊ नकोस. किलोभर ताज्या पानांचं जेमतेम दीडशे ग्रॅम होतं, तेव्हा ढिगाने तोडायची तयारी ठेव. नीट वाळलेलं उशीच्या सुती अभ्र्यात भरून अंधाऱ्या कोरड्या जागी टांग. फ्रीझरच्या फंदात मी पडत नाही. बर्फ वितळल्यावर पान लिबलिबीत होतं आणि कासव त्याला नाक मुरडतं.

द्यायच्या आधी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजव. आमच्या राणीने, माझ्या कासवाने, पहिल्या थंडीत वास घेऊन पाठ फिरवली होती. ताज्या पाल्यात चिमूटभर चुरून द्यायला लागले, मग हळूहळू प्रमाण वाढवलं. तूही सप्टेंबरपासूनच थोडं थोडं मिसळायला लाग, म्हणजे थंडीत उपास घडणार नाही. आणि कोरड्या खाण्याबरोबर पाणी कमी पडता कामा नये, मूत्रपिंडावर ताण येतो. हनुवटीपर्यंत कोमट पाणी असलेल्या तसराळ्यात आठवड्यातून तीन-चारदा बसव. ते तिथेच पाणी पितं, तिथेच घाणही करतं, म्हणून पाणी लगेच बदल.

पहिल्या खेपेला जे तोडशील त्याचे, पानाची खालची बाजू आणि मोडलेला देठ दिसेल असे, फोटो मला पाठव. माझं उत्तर येईपर्यंत चादरीवर काही पसरू नकोस. रविवारी मी दिवसभर घरी आहे, केव्हाही फोन कर. आणि त्याचं वजन आता नेमकं किती भरतंय ते कळव.

तुझी,
माधवी