चि. मुक्तास

नाशिक, पंचवटी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर शिंकत होतीस. "धूळ आहे बाबा," म्हणालीस, आणि मागून भुंकणं ऐकू आलं. मग आईने फोटो दाखवला. तिला आधीच कळवलं होतंस, मला नाही. असो.

पिल्लू गोड आहे. पाय मोडलेलं पिल्लू भर रस्त्यातून उचलून दवाखान्यात नेणारी पोरगी आपली, हे मी सकाळी गोदाकाठी भेटेल त्याला सांगितलं. पण ते रात्री कुठे झोपतं?

निफाडची ती थंडी आठवते? दुसरीत होतीस. दिवसभर मळ्यात मोत्याच्या गळ्यात पडून होतीस आणि रात्री छाती घरघरायला लागली. आजीचं एकच, "द्राक्षं खाल्ली, दुसरं काय!" अण्णांच्या जीपमधून नाशिकला आणताना चांदोरी मागे पडली तरी तुझ्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पुढे ॲलर्जीच्या टेस्टमध्ये कुत्रं निघालं. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पिल्लाचे केस बारीक करून आणलेत, म्हणे. अगं, त्रास केसांचा नसतो. लाळेतली, कातडीच्या कोंड्यातली प्रथिनं बाधतात. म्हणून केस न गळणाऱ्या जातीचं कुत्रं घेतलं तरी सुटका नाही. झोपायच्या खोलीचं दार लावून ठेवत जा. हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर घे, पैसे पाठवतो. पिल्लाला आंघोळ दुसरं कुणीतरी घालू दे. आणि सेट्रिझिनवर भागवू नकोस. गोळीने शिंका थांबतील, धाप नाही. श्वासाचा पंप संपत आला नाही ना, बघ.

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस. स्वतःचं घर चालवणाऱ्या मुलीला हे सांगायला नको.

त्याला देऊन टाक, असं मी म्हणत नाही. (दिलंस तरी गादी-पडद्यांत ते कण महिनोन्महिने राहतात.) फक्त छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखव. कातडीवरची टेस्ट परत करायची झाली तर आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेही त्यांनाच विचार. पंप मात्र मनाने बंद करू नकोस.

फोटोत पिल्लाखाली तुझी निळी चादर दिसली. म्हणजे पांघरुणातच घेतेस ना?

दिवाळीला त्याला आणणार असलीस तर आधी कळव, हॉलमधला गालिचा काढून ठेवतो. आई विचारतेय, दूधभाकरी खातं का?

तुझा,
बाबा