नाना, तीन स्क्रीनच्या त्या कॉम्प्युटरबद्दल

तीर्थस्वरूप नानांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. चहा झाला का विचारता, नाहीतर आप्पांच्या तब्येतीवर जाता. म्हणून हे लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता यावं असं लिहिते आहे. यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर, आपल्याकडे कुठेही कोणी कामासाठी दोन-तीन स्क्रीनचा कॉम्प्युटर जोडून घ्यायच्या विचारात असेल, तर तुम्ही मला जे शिकवलं ते त्यालाही मिळावं असं फार वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी माझं काम आधी सांगते. मी गावांच्या पाण्याचे नकाशे करते. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा, वाळूचा बझाडा पट्टा आहे. डोंगरावरून आलेलं पाणी तिथे मुरतं आणि खाली तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या विहिरींपर्यंत येतं. केळीला जवळजवळ वर्षभर पाणी लागतं, आणि यावल-रावेरकडच्या कूपनलिका खोल खोल जात गेल्या हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कोणता नाला कुठे अडवला तर कोणत्या विहिरींना फरक पडेल, हे पाहायचं तर गट नंबरांचा गावनकाशा, उपग्रहाचं चित्र आणि विहिरींच्या पातळ्यांचा तक्ता हे तिन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. पंधरा इंची लॅपटॉपवर एक उघडलं की दुसरं झाकलं जायचं.

तुमच्याकडे आले तेव्हा हातात एका दुकानातून मिळालेलं कोटेशन होतं. मोठं गेमिंग ग्राफिक्स कार्ड, पुढून काचेचं, आत रंगीत दिवे लागणारं कॅबिनेट, आणि उरलेल्या पैशांत बाकी सगळं. तुम्ही तो कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढले आणि म्हणालात, "पोरी, आधी हे सांग, कोणत्या स्क्रीनवर काय करू राह्यली तू? सामानाचं मग पाहू." प्रत्येक चौकोनात मी काम लिहिलं, आणि त्याखाली तुम्ही त्या कामाला काय लागतं ते लिहीत गेलात. तो कागद माझ्याकडे आहे. नाना, माझ्या मते सगळं काम त्या कागदावरच झालं, नंतर फक्त खरेदी उरली. किंमत किती, कंपनी कोणती, हे मला पुष्कळांनी विचारलं होतं. मी दिवसभर करते काय, हे तुमच्याआधी कोणी विचारलं नव्हतं.

मोठं कार्ड त्या कागदावरच गळालं. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट नकाशा काढताना बहुतेक सगळा भार प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यावर येतो, ग्राफिक्स कार्ड जवळपास बसून असतं, हे तुम्ही माझ्याच लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून दाखवलंत. सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र डोळ्यांनी पाहा म्हणालात : १० मीटरचा एक ठिपका, आणि एकेक तुकडा साधारण ११० किलोमीटर लांब-रुंद. एवढी फाइल उघडताना थांबायला होतं ते डिस्कवरून वाचताना. म्हणून कार्डाचे पैसे तुम्ही १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीकडे, म्हणजे फार वेगाने वाचणाऱ्या डिस्ककडे, आणि ३२ जीबी रॅमकडे वळवलेत. रॅम एक ३२ची न घेता १६च्या दोन, कारण बैल जोडीने जुंपले तर गाडी ओढतात. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. जुनी चित्रं ठेवायला साधी ४ टीबीची हार्ड डिस्क. इथवरचं लवकर झालं.

प्रोसेसर निवडताना तुम्ही एका अक्षरावर बोट ठेवलंत, ते इथे मुद्दाम सांगते. कोटेशनमध्ये होता १२४००एफ, तुम्ही घ्यायला लावलात १२४००. इंटेलच्या या प्रोसेसरांत शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. मग मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट कितीही असोत, ती पोर्टं मुकी. एफ नसलेल्यात ग्राफिक्स आहे, आणि ते चार स्क्रीनपर्यंत चालवू शकतं. पण लगेच तुम्ही हेही दाखवलंत की प्रोसेसरला चार जमत असले तरी बोर्डाच्या पाठीला जेवढी पोर्टं तेवढेच मॉनिटर लागणार. आपल्या बजेटमधल्या बोर्डाला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि तिसरं जुनं व्हीजीए होतं. व्हीजीएवर गट नंबरांची बारीक अक्षरं फिसकटतात, म्हणून ते बाद.

मग छोटं कार्ड आलं, एन्व्हिडियाचं टी४००. तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, जास्तीत जास्त ३० वॅट, वेगळी पॉवरची वायर नाही, बोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतं. तिन्ही मॉनिटर त्याच्यावर, आणि चौथा कधी लागलाच तर बोर्डावर. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंदच ठेवतात. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कुठून कळणार होतं? केबलचंही तसंच. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयच्या मॉनिटरला जाणारी केबल साधी, स्वस्त चालते. उलट दिशेने ती चालत नाही, तिथे वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एका मॉनिटरमधून पुढच्या मॉनिटरला साखळी जोडायची सोय आहे, पण त्याला बाहेर जाणारं पोर्ट असलेले मॉनिटर हवेत आणि ते महाग पडतात. तुम्ही तो रस्ता समजावून सांगितलात आणि मगच सोडून दिलात.

मॉनिटर मात्र तुम्ही वेळ घेऊन निवडलेत. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या दुकानांत माझ्याबरोबर फिरलात, स्क्रीनसमोर उभं राहून मान डावी-उजवीकडे करून पाहायला लावलंत. तीन स्क्रीन मांडले की कडेचे दोन कायम तिरकेच दिसणार. आयपीएस पॅनेल असेल तर तिरकं पाहूनही रंग फारसा बदलत नाही. माझ्या नकाशात फिका निळा म्हणजे पाणी वर, गडद निळा म्हणजे पाणी खोल. हा फरक बसण्याच्या कोनावर अवलंबून राहिला तर नकाशा खोटा ठरेल. मधे एक मोठा आणि बाजूला दोन लहान घ्यावेत असं माझ्या मनात होतं. तुम्ही म्हणालात तिन्ही सारखे घे, म्हणजे खिडकी एकीकडून दुसरीकडे ओढली तर अक्षर लहान-मोठं होणार नाही. तिन्ही २४ इंची, १९२० बाय १२०० चे घेतले. नेहमीच्या १०८० पेक्षा उंचीला १२० ओळी जास्त मिळतात, आणि डावा उभा फिरवला की विहिरींचा लांबलचक तक्ता एका नजरेत येतो.

त्यांना टांगायचे स्टँड बाजारात महाग होते. मॉनिटरच्या पाठीला १०० मिलिमीटर चौरसात चार भोकं असतात आणि त्यांना एम४ स्क्रू लागतात, एवढं मोजमाप कागदावर काढून तुम्ही आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या भाऊंना दिलंत. त्यांनी चौकोनी पाइपचा स्टँड बनवला. तिन्ही मॉनिटर एका रेषेत, तसूभर इकडेतिकडे नाहीत. त्या भाऊंचेही इथेच आभार.

आता विजेचं. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये आयुष्य काढलेला माणूस कॉम्प्युटर निवडताना सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं. एकही पार्ट विकत घेण्याआधी तुम्ही मल्टिमीटर घेऊन घरी आलात. फेज आणि न्यूट्रलमधला दाब पाहिला, मग न्यूट्रल आणि अर्थमधला. हा दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा म्हणालात. आमच्याकडे तो बराच वर होता. "पहिले अर्थिंग करजो, मग मशीन आणजो." कोळसा-मीठ घालून नवा खड्डा झाला, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायचं हे काम आईने स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे दाब खाली येतो. म्हणून एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालणारा, ॲक्टिव्ह पीएफसीचा (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारा), ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणारा) घ्यायला लावलात. वॅटचा हिशेबही माझ्याकडून करून घेतलात : प्रोसेसर भर कामात ११७, कार्ड ३०, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून पन्नासेक. दोनशेच्या आसपासच जातं, तेव्हा ४५० वॅट पुष्कळ. कोटेशनमध्ये ७५० होता. आणि अशा एसएमपीएसला स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची लाट कधी कधी सोसत नाही, लाइट जाताच मशीन बंद पडू शकतं, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा १ केव्हीएचा यूपीएस. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर ३६० वॅटच्या आसपासच भार चालतो, हेही मला तेव्हाच कळलं. यूपीएसवर कॅबिनेट आणि मधला मॉनिटर एवढंच लावायचं, कडेचे दोन साध्या प्लगवर. लाइट गेली की मधल्या स्क्रीनवर काम सेव्ह करायचं आणि शांतपणे बंद करायचं. हे मला फार आवडलं, कारण त्याने बॅटरी जास्त वेळ पुरते आणि खर्चही वाढत नाही.

उन्हाळ्याची तर तुम्हाला पहिल्यापासूनच काळजी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा कितीही मोठा असो, तो आतला पार्ट खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. खोलीच ४० वर असेल तर प्रोसेसरही तेवढाच वर चढणार. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट तुम्ही याच कारणाने नाकारलंत. पुढून जाळीचं घेतलं, पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटींतून धूळ खेचली जात नाही, हवा येते ती पुढच्या फिल्टरमधूनच. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांतला तंतू पाहता हे किती कामाचं आहे ते फिल्टर धुताना दिसतं. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर, प्रोसेसरवर सोबत आलेल्या कूलरऐवजी उंच टॉवर कूलर. मोठं कार्ड न घेतल्याचा खरा फायदा मला मे महिन्यात कळला. १३० वॅट ओढणारं कार्ड त्या खोलीत तेवढीच उष्णता सोडत बसलं असतं, आणि त्यात मीही बसले असते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आईने केली तेवढं जेवलात. जोडणी तर तुम्ही माझ्या हातांनी करून घेतलीत. प्रोसेसर खाचेत ठेवताना माझा हात थरथरला तेव्हा बाजूला स्टूल ओढून बसलात, पण हात पुढे केला नाहीत. घाई नाही म्हणालात. साठ-बासष्टच्या वयात यूट्यूब पाहून, जुनी मशीनं उघडून हे सगळं शिकलेला माणूस दुसऱ्याला एवढ्या धीराने शिकवतो, हे मी आधी पाहिलं नव्हतं. पुष्कळांना येतं, पण ते स्वतः करून मोकळे होतात, आणि पुढच्या वेळी आपल्याला पुन्हा त्यांच्याच दारी जावं लागतं. तुम्ही मला तसं ठेवलं नाहीत, याचं मोल मी कसं करू?

आता कामाचं सांगते. पायथ्याच्या एका गावाचा नकाशा पुरा झाला आणि ग्रामसभेत भिंतीवर लागला. म्हाताऱ्या बाबांपासून कॉलेजातल्या पोरींपर्यंत सगळे आपापल्या गटावर बोट ठेवून पाहत होते. आपली विहीर कोणत्या नाल्याच्या अंगाला येते यावर तासभर बोलणं झालं, आणि बंधाऱ्याची जागा लोकांनीच वरच्या अंगाला सरकवली. तो नकाशा तीन स्क्रीनवर तयार झालेला आहे, त्यात तुमचा वाटा आहे.

आणखी एक. फैजपूरच्या दोन मुली डीटीपीचं काम सुरू करताहेत, त्यांना दोन स्क्रीनचं मशीन हवं आहे. मी त्यांना कोऱ्या कागदावर चौकोन काढायला बसवलं आहे. घरातल्या अर्थिंगचा आकडा मी स्वतः जाऊन मोजला, तो ठीक आहे. त्यांच्या कामात रंग अचूक लागतात, छपाईला जायचं असतं, तेव्हा मॉनिटर कसा निवडावा हे माझ्याने ठरत नाही. यादी सोबत पाठवते. एकदा नजर घाला आणि जिथे खोडायचं तिथे खोडा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
यावलची नकाशेवाली