एबी फॉर्म नसलेल्या गावातून

एडिसन, न्यू जर्सी
१५ जून २०२५

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्याकडे तिकीट कोण देतं रे?" आणि मी रुबाबात म्हणालो, "इथे लोकच देतात." अर्धी थाप होती ती. मंगळवारी इथे गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक झाली, तेव्हा आता खरं काय ते लिहितो.

तुम्ही शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत पक्षाच्या तिकिटाच्या एबी फॉर्मसाठी जीव टांगणीला लावून बसता. इथे तसला फॉर्मच नाही. ठरलेल्या सह्या जमवल्या की कुणीही प्रायमरीला उभा राहतो. पण प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, पक्षाची कमिटी असते, दर मतदान विभागातून दोन माणसं, बहुतेक बिनविरोध आलेली. ती कमिटी आपला उमेदवार जाहीर करते. कुठे गुप्त मतदानाने, तर कुठे अध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा.

खरी मेख मतपत्रिकेत होती. २१ पैकी १९ काउंट्यांत कमिटीचे सगळे उमेदवार, वरच्या पदापासून टाउन कौन्सिलपर्यंत, एकाच रांगेत छापायचे. हीच ती 'लाइन'. उरलेले कडेला, आणि त्या जागेला लोक 'सायबेरिया' म्हणायचे! नागरिक झाल्यावर माझी पहिली टपाली मतपत्रिका आली, ती मी जेवणाच्या टेबलावर पसरली. एक रांग वरपासून खालपर्यंत भरलेली. पार टोकाला एकच नाव, वर-खाली रिकामे चौकोन. असेल कुणीतरी हौशी, असं वाटलं मला. पेनाने गोल भरत सरळ खाली उतरलो, चहा निवायच्या आत काम संपलं. तो माणूस कोण होता, आजही सांगता येणार नाही.

२०२४ मध्ये खासदार अँडी किम सिनेटला उभे राहिले. समोर गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी. त्या कधी कुठल्या पदावर निवडून आलेल्या नव्हत्या, तरी मोठमोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष त्यांनी उमेदवारी जाहीर करताच त्यांच्या बाजूने उभे. किम कोर्टात गेले. मार्चमध्ये बाईंनी माघार घेतली, आणि पाचच दिवसांनी न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. रिपब्लिकनांची मात्र त्या वर्षी तशीच राहिली. यंदा कायदाच बदलला, आता एका पदाचे सगळे एकाच चौकटीत.

म्हणून कमिटी संपली असं समजू नकोस हं. डेमोक्रॅटांचे सहा जण होते. बऱ्याच मोठ्या काउंटी कमिट्या ज्यांच्या मागे होत्या, त्या मिकी शेरिलच सुमारे ३४ टक्क्यांवर जिंकल्या. फोन करणारी, दारोदार फिरणारी माणसं कमिटीचीच असतात ना. आमच्या गल्लीतल्या कमिटीवाल्या बाई दोनदा पत्रक देऊन गेल्या.

ह्या वेळी सहाही नावं वाचली. रात्रीचे अकरा वाजले. "एवढं काय शोधतोयस?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, "गेल्या वेळचा तो टोकावरचा."

कोर्टाने सांगितल्यावर आता तुमच्या पालिकेच्या निवडणुका लागणार म्हणे. तुझा विचार आहे का उभं राहायचा? म्हणूनच विचारत होतास ना, लबाडा?

तुझा,
सुध्या